माईंच्या नावाची गादी

फुलपाड्यातल्या तेंडोलकरांच्या घरात पाच माणसं होती. त्यातल्या चौघांची अंथरुणं घालायची ती पाचवी, आणि झोपायला जागा नव्हती ती नेमकी तिलाच. जागा नाही असं कुणी म्हणत नसे. सरोजिनीला विचारलंत तर तीही म्हणाली नसती. "माझं काय, कुठंही पडेन," हे तिचं ठरलेलं वाक्य. बाईने असं वाक्य एकदा तोंडातून काढलं की घरातली माणसं बाकीचं तिचं सगळं बोलणं विसरतात आणि तेवढं एक पोथीसारखं जपून ठेवतात.

देवगडहून लग्न होऊन ती नालासोपाऱ्याला आली तेव्हा त्या एका खोलीत एकच लोखंडी खाट होती आणि ती सासूबाईंची होती. नवराबायको खाट आणि ओटा यांच्या मधल्या पट्टीत झोपत. विघ्नेश झाला तेव्हा त्या पट्टीत तिसरं माणूस आलं आणि सरोजिनी सरकत सरकत मोरीच्या उंबऱ्याला लागली. पुढे फुलपाड्यात वन बीएचके घेतला. बेडरूम आली, तिच्यात नवा कोरा डबलबेडही आला. पण विघ्नेशची दहावी होती म्हणून तो बेड विघ्नेशला. मग बारावी, मग इंजिनिअरिंग, मग क्षितिजाशी लग्न. श्रीरंगरावांनी गॅलरी बंद करून घेतली आणि तिथे फोल्डिंगची कॉट टाकली, कारण त्यांना सकाळी लवकर ऑफिसला जायचं असे. ऑफिस संपून सात वर्षं झाली, कॉट तिथेच आहे. हॉलमध्ये सागाचा दिवाण, त्यावर सासूबाई, म्हणजे माई. आणि दिवाणाच्या पायथ्याशी, फरशीवर, चटई आणि दुहेरी गोधडी घालून सरोजिनी.

तिचं हे बरं चाललं होतं असं सगळे धरून चालले होते. ती एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. माई बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा कुणीतरी घरी थांबायला हवं असं ठरलं. कुणीतरी म्हणजे कोण, यावर चर्चा झालीच नाही. तिने राजीनामा दिला. शाळेने शाल आणि श्रीफळ दिलं. दुसऱ्या दिवसापासून ती माईंना कुशीवर वळवायला, उचलायला, पुसायला लागली, ती चार वर्षं.

माई अंगाने भरलेल्या होत्या. सरोजिनी त्यांच्याच बांध्याची, त्यांच्याच उंचीची. दोघी शेजारी उभ्या राहिल्या तर लोक सासूसुना न म्हणता मायलेकी म्हणत. पण आपल्याच वजनाचं माणूस दिवसातून दहा वेळा उचलायचं म्हणजे काय, हे लोकांना सांगून कळत नाही. तिसऱ्या वर्षी सरोजिनीच्या कमरेत चमक भरली ती उतरलीच नाही. डॉक्टरांनी फोटो काढला, मणक्यातली चकती सरकलीय म्हणाले. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "फरशीवर झोपणं बंद. एक चांगली फोमची गादी घ्या, खालून घट्ट आणि वरून मऊ अशी. यात हयगय करू नका."

ती घरी येऊन बोलली. श्रीरंगराव पेपर वाचत होते.

"पाठीला फरशीसारखं औषध नाही," ते म्हणाले. "आपले आजे-पणजे काय फोमवर झोपत होते? त्यांच्या पाठी बघ. ताठ."

श्रीरंगराव वाईट माणूस नव्हते. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही. पण प्रत्येक विषयावर त्यांचं एक मत असायचं आणि ते नेमकं दुसऱ्याच्या अंगाबद्दल असायचं. स्वतः ते कॉटवर दोन गाद्या एकावर एक घालून झोपत.

माईंची गादी कापसाची. लग्नात आलेली असावी इतकी जुनी. पूर्वी पिंजारी दारावर यायचा, कापूस पिंजून द्यायचा. तो यायचा बंद झाला त्याला जमाना झाला. गादीत गाठी झाल्या होत्या, मधे खळगा पडला होता, आणि त्या खळग्यात माई चार वर्षं पडून होत्या. पाठ सोलवटली. सरोजिनी पावडर लावी, फडकी बदली, कुशीवर वळवून मागे उशी लावी.

"श्रीरंगाक सांग गो," माई म्हणत, "माका मऊ गादी होई. पाठ जळता माजी."

सरोजिनी सांगे. श्रीरंगराव दिवाणाशी येऊन बसत, आईच्या कपाळावर हात ठेवत आणि प्रेमाने म्हणत, "आई, फोम उष्ण असतो. तुला सोसायचा नाही. कापूस तो कापूस." माई डोळे मिटून घेत. एकदा ते उठून गेल्यावर माई तिला म्हणाल्या, "मी गेलंय की ह्यो दिवाण तुझो. तू वायच आडवी हो गो आता, उभ्यानं जल्म काढलंस." सगळ्या घरात सरोजिनीच्या झोपेचा विचार केला तो पाठ सोललेल्या त्या म्हातारीने. हे तिच्या मनात राहिलं.

माई गेल्या. रडायचं ते सगळे रडले. ज्या गादीवर गेल्या ती गादी रीतीप्रमाणे घरात ठेवत नाहीत, म्हणून विघ्नेशने आणि वॉचमनने ती खाली नेऊन टाकली. जिन्यातून नेताना तिची शिवण उसवली आणि चारही मजल्यांवर काळपट कापूस सांडला. तो सरोजिनीने झाडून काढला. वर आली तर दिवाण उघडा पडलेला, नुसत्या फळ्या. तिला रडायला आलं आणि रडतारडता एक विचारही आला. आला त्याची तिला लाज वाटली, पण आलेला विचार काही लाजेने परत जात नाही. दिवाण रिकामा झालाय. आता त्यावर एक गादी घालायला हरकत नसावी.

दहावं झालं, सुतक फिटलं. गुरुजींनी बाराव्याचं सामान सांगितलं. त्यात शय्यादान होतं. गेलेल्या माणसाच्या नावाने गादी, उशी, चादर, छत्री, चपला, पाण्याचा तांब्या असं सगळं कोरं करकरीत ब्राह्मणाला द्यायचं. इथे दिलं की तिथे त्याला मिळतं असं म्हणतात.

"आईला हलकंसलकं काही द्यायचं नाही," श्रीरंगराव म्हणाले. "फोमचीच घेऊ. चांगल्यातली. तिची फार इच्छा होती."

बैल गेला अन् झोपा केला, असं सरोजिनीच्या अगदी जिभेवर आलं. तिने ते गिळलं. चार वर्षं उष्ण असणारा फोम माई गेल्यावर एका दिवसात थंड कसा झाला, हे विचारायची ती वेळ नव्हती, असं तिला वाटलं. खरं तर तीच वेळ होती.

अकराव्याला दुपारी विघ्नेशच्या गाडीतून तिघं गोखिवऱ्याला गेली. क्षितिजा आणि डोंबिवलीहून आलेल्या वन्सं घरी वड्यांचं पीठ बघायला थांबल्या. गोखिवऱ्यात कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये एरॉल नावाच्या माणसाचं दुकान होतं. पुढे गाद्या मांडलेल्या, मागे फोम कापायचं मशीन. माप सांगा, तसं कापून, खोळ शिवून देत असे. वसईच्या वाडीतला माणूस, गळ्यात बारीक क्रूस, कानावर पेन्सिल, गिऱ्हाइकाशी डॉक्टरासारखा बोलणारा.

"कोणासाठी पाहिजे, काका?"

"आईसाठी."

"वजन कितीसं? कुशीवर झोपतात की उताण्या? कंबर दुखते का? त्याच्यावर ठरतं सगळं."

श्रीरंगरावांनी घसा साफ केला. "तसं नाही. ती आता नाही. उद्या बारावं आहे. दानाची."

"अच्छा," एरॉल म्हणाला. "सॉरी हां, काका. मग वेगळी दाखवतो. दानासाठी लोक ही नेतात." त्याने कोपऱ्यातली चकचकीत लाल खोळीची, हाताच्या पंजाएवढीही जाड नसलेली गादी दाखवली. "दिसायला बरी आहे. झोपायचं तर कोणी नसतं हिच्यावर."

श्रीरंगरावांना राग आला. "झोपायचं कसं नसतं? माझ्या आईला पोचायची आहे ती."

मग एरॉलने खऱ्या गाद्या काढल्या. नुसत्या फोमची, जिच्यात माणूस रुतून बसेल अशी. नुसती कडक, फोमचे तुकडे दाबून केलेली. आणि तिसरी, खाली तो कडक फोम आणि वर चार बोटं मऊ. त्याने तिच्यावर मूठ दाबली, उचलली. खळगा हळूहळू भरून आला. "ही म्हाताऱ्या माणसांना एक नंबर. पण काका, नुसता हात लावून घेऊ नका. ज्याची पाठ त्याने झोपून बघायचं असतं."

आता ज्याची पाठ ते माणूस स्मशानात जाऊन राख झालेलं. श्रीरंगरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना तोडगा सापडला.

"सरोजिनी, तू झोपून बघ. तुझं अंग आईसारखंच आहे."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मागे मशीनवर कारागीर होते. आयुष्यात ती परक्या पुरुषांसमोर कधी आडवी झाली नव्हती. घरात पाहुणे असले तर ताप अंगात असतानाही ती भिंतीला टेकून बसत असे. "मी नाही," ती म्हणाली.

"अगं, आईसाठी," श्रीरंगराव म्हणाले.

"झोप ना आई, सगळेच झोपून बघतात इथे," विघ्नेश फोनमधून मान वर न करता म्हणाला.

तिने चपला काढल्या. पदर घट्ट लपेटला, साडीच्या निऱ्या पायांमध्ये आवळल्या आणि ती त्या तिसऱ्या गादीवर आधी बसली, मग एका अंगावर झाली, मग उताणी. वर पत्र्याला पंखा फिरत होता. कमरेतली ती चमक, जी तिसऱ्या वर्षापासून तिच्याबरोबर उठत होती आणि बसत होती, ती हळूच सैल झाली. कुणीतरी खालून हात दिल्यासारखं वाटलं. असा हात तिने चार वर्षं माईंना दिला होता, तिला कुणी दिला नव्हता. तिचे डोळे मिटले. आजूबाजूला कोण आहे हे ती साफ विसरली.

"काय म्हणतेस?" श्रीरंगरावांचा आवाज आला.

तिने डोळे उघडले. हो म्हटलं की ही गादी उद्या जिना उतरून जाणार, हे तिला लख्ख कळलं. नाही म्हटलं तर ती इथेच राहील. मग कधीतरी, महिन्याभराने, सगळं निवळल्यावर ती म्हणेल, दिवाणाला एक गादी घेऊ या, गोखिवऱ्याला ती तिसरी होती ना, तसली.

"नाही," ती म्हणाली. "टोचते. मधे खड्डा वाटतो."

एरॉल तिच्याकडे बघत राहिला. इतका वेळ डोळे मिटून पडलेलं माणूस टोचतं कसं म्हणेल, असं त्याच्या मनात आलं असणार. "काकी, तुम्हालाच कमरेचा त्रास आहे ना?" त्याने विचारलं.

"अहो, या वयात कुणाला नसतो," श्रीरंगरावांनी परस्पर उत्तर दिलं. आणि ते स्वतः, बुटांसकट, त्या गादीवर आडवे झाले. कूस बदलली. हात डोक्याखाली घेतले. "काय टोचते? अगदी लोण्यासारखी आहे. हिला फरशीची सवय, हिला मऊ काय कळणार?" ते एरॉलला हसून म्हणाले. "हीच द्या."

"माप?"

घरात गादीचं एकच माप सगळ्यांना पाठ होतं. "सहा बाय तीन," विघ्नेश म्हणाला. ते दिवाणाचं माप होतं. श्रीरंगरावांनी घासाघीस केली नाही. आईच्या नावाचं घेताना घासाघीस करू नये असं ते म्हणाले, आणि गाडीत बसल्यावर हे परत एकदा म्हणाले.

संध्याकाळी टेम्पो आला. इतकी मोठी वस्तू घरात ठेवायची कुठे? दिवाणावर. ती त्यावर अशी बसली की एका बोटाचीही फट राहिली नाही. कोऱ्या फोमचा वास हॉलभर झाला. क्षितिजाने येऊन हात फिरवला, म्हणाली, "वॉव, मस्त आहे, बाबा." वन्सं बसून पाहायला वाकल्या तर श्रीरंगरावांनी अडवलं. "उद्या द्यायची आहे. कोरी राहू दे." आणि रात्री सरोजिनीने दिवाणाच्या पायथ्याशी रोजच्यासारखी चटई घातली. डोक्यापाशी, हाताच्या अंतरावर, तिच्या पाठीची गादी प्लॅस्टिकमध्ये पडून होती आणि माणूस फरशीवर होतं. हे तिला सहन झालं नाही असं नाही. सहन झालं, त्याचाच तिला संताप आला.

बाराव्याला गुरुजी वेळेवर आले. तरुणच होते, नालासोपाऱ्यात भाड्याने राहणारे. पिंड वगैरे झाल्यावर शय्यादानाची मांडणी झाली. गादीवर नवी चादर, उशी, बाजूला छत्री, चपला, तांब्या. गुरुजींनी ते सगळं पाहिलं, गादीचं टोक दाबून पाहिलं आणि जरा ओशाळून म्हणाले, "काका, एक बोलू? माझ्याकडे खरंच जागा नाही. वन रूम किचन आहे. आधीच्या दोन गाद्या पॅसेजमध्ये उभ्या आहेत, सोसायटीवाले रोज बोलतात. मी संकल्प सांगतो, तुम्ही माझ्या हातावर पाणी सोडा. गादी मला पोचली. आता माझी वस्तू मी कुणालाही देऊ शकतो. ती मी काकींना देतो. इतकी वर्षं सेवा केली त्यांनी. मापही दिवाणालाच आहे."

सरोजिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला वड्यांचं पीठ होतं. देवच बोलला असं तिला वाटलं नाही, पण देवाने निदान कुणाला तरी बोलायला लावलं असं वाटलं.

हॉलमध्ये चुलत दीर, वन्सं, शेजारची चार माणसं. सगळे श्रीरंगरावांकडे बघत होते. श्रीरंगराव मान हलवू लागले होते. "नाही नाही, गुरुजी, दिलेलं दान परत..."

"मला हवी आहे," सरोजिनी म्हणाली.

लग्न होऊन या घरात आल्यापासून हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. तिनेही ऐकले नव्हते.

"अगं, बाराव्याची गादी ही," वन्सं म्हणाल्या. "तीवर निजणार तू? काहीतरीच."

"निजेन. माझी पाठ गेलीय, वन्सं. माईंना उचलून गेलीय. डॉक्टरांनी हीच सांगितली होती. काल मी खोटं बोलले. ती टोचत नाही."

श्रीरंगराव लाल झाले. बायको खोटं बोलली याचं त्यांना काही वाटलं नसावं. ते चारचौघांत बोलली, याचं वाटलं. "लोक काय म्हणतील? आईच्या नावाने घेतली आणि बायकोच्या खाली घातली? आई गेली त्याला पुरते बारा दिवस नाही झाले." मग त्यांना आपण जरा जास्त बोललो असं वाटलं असावं, कारण त्यांनी आवाज मऊ केला, हसले आणि सगळ्यांकडे बघत म्हणाले, "अगं, तू काळजी करू नकोस. तुझ्या बाराव्याला याहून भारी देईन. मग तर झालं?"

चुलत दीर हसले. वन्सं "काय तरी बोलतोस दादा" म्हणून हसल्या. वातावरण सैल झालं. विघ्नेश आईजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आई, मी ऑनलाइन बघतो तुझ्यासाठी. पुढच्या महिन्यात सेल असतो." त्याला खरंच वाटलं की आपण आईची बाजू घेतली.

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी संकल्प सांगितला, श्रीरंगरावांनी पाणी सोडलं. तुळशीचं पान गादीवर पडलं. माईंना मऊ गादी मिळाली. त्यांची पाठ तिथे अजून जळत असेल तर ती आता थंड झाली असेल, नाही असं कोण म्हणणार?

पानं वाढली, माणसं जेवली, वड्यांची तारीफ झाली. नंतर विघ्नेशने आणि गुरुजींनी गादी गुंडाळून दोरीने बांधली आणि जिन्यातून खाली नेली. गुरुजी जाताना दारात थांबले, सरोजिनीकडे न बघता "येतो, काकी" म्हणाले आणि उतरले. नाकापेक्षा मोती जड झालेला तो माणूस रिक्षावाल्याशी खाली बराच वेळ हुज्जत घालताना ऐकू येत होता.

हॉलमध्ये पुरुषमंडळी खुर्च्या ओढून बसली. सुपारी फिरली. दिवाण परत उघडा पडला होता.

"हा दिवाण आता काढून टाकू," श्रीरंगराव म्हणाले. "जागा अडवतो. हॉल मोठा दिसेल. सरोजिनी, चहाचं बघतेस?"

सरोजिनी स्वयंपाकघरातून आली. हात पदराला पुसले. चहाला काही तिने आधण ठेवलं नव्हतं. ती माणसांच्या मधून चालत दिवाणापाशी गेली, त्यावर बसली, एका अंगावर झाली, मग उताणी. एवढ्या पुरुषांसमोर, भरल्या घरात, भर दुपारी. गोखिवऱ्याला केलं तसंच, फक्त निऱ्या आवळल्या नाहीत. फळ्या पाठीला लागल्या. दोन फळ्यांच्या मधली फट नेमकी दुखऱ्या मणक्याखाली आली आणि तिने ओठ मिटून घेतले.

वन्सं म्हणाल्या, "अगं, निदान खाली गोधडी तरी घाल." क्षितिजा दारात येऊन उभी राहिली आणि तशीच राहिली.

श्रीरंगरावांनी खुर्ची पुढे सरकवली. "हे काय चाललंय, सरोजिनी? उठ. फळ्यांवर पाठ दुखेल अशाने."

तिने डोळे मिटून घेतले होते. ती उठली नाही.

"दुखू दे," ती म्हणाली. "माझी आहे."